जवळकरांची मुलगी

सोलापूरने देशाला काय दिले, असे पाहुण्यांनी विचारले की आम्ही सोलापूरकर चादरीपासून आरंभ करतो. मग शेंगांची चटणी, मग १९३१ साली फाशी गेलेले चार हुतात्मे, मग चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता देह ठेवणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. यादी बरीच लांबली की कुणीतरी म्हणतो, ‘अहो, सिनेमातली शशिकलाही आपल्याच गावची!’ त्यावर माना डोलतात, तिच्या एखाद्या कारस्थानी भूमिकेची आठवण निघते आणि विषय पुढे सरकतो. तिच्या आयुष्याचा जो भाग पडद्याबाहेर घडला, तो मात्र या यादीत कधी येत नाही. आमच्या मते, या गावाने आधी ऐकायला हवा तो तोच भाग. आपल्या कुटुंबांना तर त्यात अधिकच जवळचे काही सापडेल.

शशिकला जवळकर यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात झाला. वडील व्यापारी, घर खाऊनपिऊन सुखी, भावंडे सहा. पाचव्या वर्षापासूनच ही मुलगी जिल्ह्यातील गावोगावच्या रंगमंचांवर नाचू, गाऊ आणि अभिनय करू लागली. तो काळ डोळ्यांसमोर आणावा. गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारे गाव, गणेशोत्सवातील मेळे, फिरत्या नाटकमंडळ्या. दिव्यांच्या उजेडात पाच-सहा वर्षांचे पोर ठेक्यावर पाऊल टाकू लागले की बघणारे विरघळून जात. त्यात कुणाची वाईट भावना नसते. पण मोठेपणी रंगमंचावर आलेल्या माणसाला, टाळी मिळण्यापूर्वी आपण कोण होतो याची काही आठवण असते. पाचव्या वर्षी आलेल्या मुलाला ती आठवणच नसते. आपण आवडतो ते असे नाचलो म्हणून, की नुसते असलो तरी आवडलो असतो, हा प्रश्न त्याला पडतो तो फार पुढे, आणि बहुधा भलत्या वेळी.

जवळकरांच्या घरात तर टाळीबरोबर आणखी एक गोष्ट आली. विलायतेत शिकणाऱ्या धाकट्या भावाला पैसे पाठविता पाठविता वडिलांचे दिवाळे वाजले, आणि पुढे हाच भाऊ त्यांना विसरला. कुटुंब मुंबईस आले ते, ही देखणी, नाचरी मुलगी चित्रपटात काम मिळवील या आशेवर. आई-वडिलांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही, कारण रिकाम्या डब्यांसमोर उभ्या असलेल्या बापाला कुणी आदर्श पालकत्वाचे पाठ देऊ नयेत. परंतु घराचा भार मुलीच्या खांद्यावर आला ही वस्तुस्थिती उरतेच. स्टुडिओंचे उंबरठे झिजविताना तिने लोकांच्या घरी मोलकरणीचे कामही केले. पुढे नूरजहाँची नजर तिच्यावर गेली आणि नूरजहाँचे पती शौकत हुसेन रिझवी यांच्या ‘झीनत’ (१९४५) या चित्रपटातील कव्वालीत तिला जागा मिळाली. मोबदला २५ रुपये. वय उणेपुरे तेरा.

अमेरिकेत याच सुमारास बालकलाकारांच्या कमाईविषयी एक कायदा नुकताच झाला होता. चॅप्लिनच्या ‘द किड’मधील (१९२१) चिमुकला जॅकी कूगन वयात आला तेव्हा त्याने मिळवलेले लाखो डॉलर घरच्यांनीच संपविल्याचे त्याला कळले. त्याने न्यायालयात धाव घेतली आणि त्यातून १९३९ साली कॅलिफोर्नियात त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. आपल्याकडे कायद्याने अशी तरतूद होण्यास २०१६-१७ उजाडावे लागले. त्याविषयी पुढे.

शशिकलाबाईंना यश मिळाले, आणि भरघोस मिळाले. शांतारामबापूंचा ‘तीन बत्ती चार रास्ता’ (१९५३), बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ (१९५९), आणि ‘आरती’ (१९६२) व ‘गुमराह’ (१९६३) या चित्रपटांतील खलनायिकेच्या भूमिकांसाठी लागोपाठ दोन वर्षे फिल्मफेअर पारितोषिक. ओमप्रकाश सैगल यांच्याशी लवकर विवाह झाला होता, दोन मुली होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच उणे दिसले नसते. आतून मात्र संसार उसवत होता. एके दिवशी पती व मुलींना सोडून त्या दुसऱ्या एका पुरुषाबरोबर परदेशी गेल्या, तेथे छळ सोसला, आणि परत आल्या तेव्हा मन ठिकाणावर नव्हते. त्यांनी हे पुढे मुलाखतींतून स्वतःच सांगितले आहे: वेड्यासारखी रस्त्यांवर फिरत होते, पदपथावर झोपत होते, मिळेल ते खात होते, देवळे आणि आश्रम पालथे घालीत होते. पडद्यावर जिला लाखो लोकांनी पाहिले, ती बाई पदपथावर निजली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची ओळख पटत नव्हती.

सोलापूरच्या यादीत हे वाक्य कसे बसवावे?

त्यानंतर त्या कोलकात्यास मदर तेरेसांकडे गेल्या आणि मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या धर्मभगिनींबरोबर वर्षानुवर्षे सेवा करीत राहिल्या. ज्यांनी हे काम पाहिले आहे त्यांना ते किती निःशब्द असते हे ठाऊक आहे. जखम धुवायची, चादर बदलायची, घास भरवायचा, पुन्हा चादर बदलायची. मरणासन्न माणूस टाळ्या वाजवीत नाही. समोरची बाई सिनेनटी आहे याचे त्याला काही सोयरसुतकही नसते. पाचव्या वर्षापासून जिच्याकडे सतत कुणीतरी पाहत होते, तिला येथे प्रथमच कुणी पाहणारे नव्हते. उलट तीच दुसऱ्याकडे पाहत होती. तिला शांती लाभली ती यामुळे, असे आम्हांस वाटते. हा आमचा तर्क आहे, वाचकांनी तो तर्क म्हणूनच घ्यावा.

तथापि ही कथा आपल्या सभा-संमेलनांतून सांगावयाची झाली तर एक मोह आवरावा लागेल. ‘भरकटलेली नटी मदरच्या चरणी आली आणि सारे दुःख मावळले’ असे सांगितले की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात खरे, पण त्याच सभेत एखादी बाई बसलेली असते, जी रोज मिस्सेला येते, रोझरी चुकवीत नाही, आणि तरीही जिला पहाटे तीनला जाग येऊन जीव नकोसा होतो. तिने काय समजावे? आपली श्रद्धा उणी पडली असे? २००७ साली मदर तेरेसांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली आणि त्यांचे अंतःकरण सुमारे अर्धशतक किती काळोखात चाचपडत होते हे जगाला कळले. ख्रिस्तसभेने २०१६ साली त्यांना संतपद दिले ते ही पत्रे ठाऊक असूनच. अर्थात मदरची ती आध्यात्मिक रात्र आणि वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्य म्हणते तो आजार, या दोन गोष्टी एक नव्हेत. आजाराला डॉक्टर लागतो, औषध लागते, आणि मधुमेहाच्या गोळीइतक्याच सहजपणे ते घेता आले पाहिजे. सेवेने शशिकलाबाईंना आधार दिला. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे निघालेल्या माणसाला कुणी आश्रमाचा पत्ता देऊ नये. २०२२च्या ऑक्टोबरात शासनाने टेलिमानस ही दूरध्वनीसेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर मिस्सेच्या वेळांखाली तो लिहिण्यास कुणाची हरकत नसावी.

शशिकलाबाई नंतर मुंबईस परतल्या आणि पुन्हा काम करू लागल्या. ‘सोनपरी’ मालिकेमुळे नव्या पिढीतल्या मुलांनाही त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. मदरची पत्रे प्रसिद्ध झाली त्याच २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. थोरली मुलगी कर्करोगाने गेली, तेही दुःख त्यांनी पाहिले. ४ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. तो पुनरुत्थानाचा रविवार होता. कोविडच्या दुसऱ्या लाटेने राज्य हवालदिल झाले होते, आम्ही घरीच होतो, आणि दुपारी बातम्यांत ‘प्रसिद्ध खलनायिका’ एवढेच विशेषण ऐकले.

एवढे सारे आम्ही आताच का आठवले, त्याला घरगुती कारण आहे. आमची नात दहा वर्षांची. नाताळच्या नाटिकेत तिने केलेला मेंढपाळ पाहून कुणीतरी चित्रफीत मुंबईला धाडली आणि एका मालिकेसाठी बोलावणे आले. घरात आनंदीआनंद! सूनबाईंनी तर बॅगही काढली. आम्ही आनंदावर विरजण घालणारे आजोबा नव्हे. आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याकडच्या सोमनाथ अवघडेला ‘फँड्री’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. परंतु ‘सैराट’नंतर (२०१६) अकलूजच्या रिंकू राजगुरूला लोकांच्या गर्दीपायी शाळा सोडून दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी लागली, हेही आम्ही विसरलो नव्हतो.

म्हणून मुलाला बसवून नियम वाचून दाखविले. २०१६ची कायदेदुरुस्ती आणि २०१७चे नियम सांगतात की बालकलाकाराचे काम दिवसाला पाच तासांहून अधिक नसावे, तीन तासांनंतर विश्रांती हवी, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नको, शिक्षण बुडता कामा नये, आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जावा. मुलाने लगोलग फोन लावून तासांविषयी विचारले. पलीकडचे गृहस्थ मोकळेपणाने हसले. ‘दादा, सेटवर घड्याळ कोण बघतं?’ ठेवीविषयी त्यांनी काही ऐकलेच नव्हते. मुलाने आभार मानून फोन ठेवला. सूनबाई दोन दिवस आमच्याशी बेताचेच बोलल्या, आणि नात तर एकही शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी ती आपणहून खुर्चीशी आली. आम्ही मोबाईलवर तिला ‘झीनत’मधली ती कव्वाली लावून दिली. काळ्या-पांढऱ्या चित्रात ओळीने बसलेल्या बायका-मुली. ‘ह्यात आपल्या सोलापूरची कोणती?’ असे विचारून तिने बोट दाखवीत दाखवीत शोध घेतला. मग म्हणाली, ‘आजोबा, हिची शाळा?’

आम्ही सांगितले, ती त्या वेळी घर चालवायला काम शोधत होती. नातीने पुन्हा पहिल्यापासून लावले.