नऊ वाजताची टक्केवारी

अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत मतदानाच्या ठरलेल्या दिवसाआधी कित्येक दिवस मते पडू लागतात. अध्यक्षाच्या चार वर्षांच्या कारकिर्दीच्या मधोमध जी निवडणूक येते, तिच्या वेळी तर तिथल्या जाणत्या मंडळींना एकच उद्योग असतो. मागल्या खेपेला या तारखेपर्यंत किती मते पडली होती, यंदा किती पडली, आणि त्यावरून पुढे काय होणार, याचे आडाखे बांधायचे.

आपल्याकडे ‘मध्यावधी’ हा शब्द आपण निराळ्या अर्थाने वापरतो. 1971 किंवा 1980 सारखी लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली, तर ती मध्यावधी. आणि आगाऊ मतदान म्हणाल, तर ते सैन्यातल्या जवानांचे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांचे, आणि अलीकडे 85 वर्षांपुढच्या वृद्धांचे व दिव्यांगांचे. बाकी आपण सारे सकाळी सातला रांगेत. तेव्हा आपले आगाऊ मतदान म्हणजे सात ते नऊ हे दोन तास! नऊ वाजता पहिली टक्केवारी जाहीर होते आणि घरोघरी लगेच भाकिते सुरू होतात.

मला या आकड्याचे आकर्षण आहे, त्याला कारण माझा जुना धंदा. पिंपरीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे टाइमकीपर होतो. पहिली पाळी सातची. सातला दहा मिनिटे असताना एखादा नवा साहेब कार्डांच्या खणाकडे पाही आणि म्हणे, “आज हजेरी फार कमी दिसते.” मी म्हणे, “साहेब, तळेगावची बस अजून यायची आहे.” पाच मिनिटांत बस येई आणि खण भरून जाई. आकडा खोटा नसे. पण कोण यायचे राहिले आहे, हे ठाऊक असल्यावाचून तो वाचता येत नसे.

हीच दृष्टी ठेवून आमच्या पट्ट्याचे आकडे पाहा. हा पट्टा म्हणजे कागदावर एक गाव नव्हे. पिंपरी आणि चिंचवड हे विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभेत, तर भोसरी आणि चाकणकडचा खेड-आळंदी हे शिरूरमध्ये. 13 मे 2024 रोजी लोकसभेसाठी दोन्हीकडे मतदान झाले. नऊ वाजेपर्यंत दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या आसपास, आणि शेवटी 54 ते 55 च्या दरम्यान. म्हणजे सकाळच्या आकड्याची दहा-अकरा पट. त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी साऱ्या राज्यात मिळून नऊ वाजेपर्यंत 6.61 टक्के मतदान झाले आणि अखेरचा आकडा 66.05 वर गेला. पुन्हा दहा पट. एखाद्याला वाटेल, गुरुकिल्ली सापडली!

पण चिंचवडची पोटनिवडणूक आठवा. आमदार लक्ष्मण जगताप यांच्या निधनामुळे 26 फेब्रुवारी 2023 रोजी ती झाली. सकाळी नऊपर्यंत जेमतेम साडेतीन टक्के! ‘लोकांना उत्साहच नाही,’ असे तेव्हा जो तो म्हणू लागला. संध्याकाळी आकडा 50.47 झाला होता. म्हणजे चौदा पट. गुरुकिल्ली कुलपाला लागेना.

असे का व्हावे? माझ्या मते उत्तराचा एक भाग साध्या कॅलेंडरात आहे. तो दिवस रविवार होता. वाकड-रहाटणीच्या संगणकवाल्या मंडळींचा रविवार साडेनऊशिवाय उजाडत नाही. आणि आमच्या कारखान्यांत, विजेच्या नियोजनापायी पडलेल्या जुन्या प्रघाताने, बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. साऱ्या महाराष्ट्राचा रविवार हा आमच्याकडे पुष्कळांचा कामाचा दिवस.

आता नोव्हेंबर 2024 घ्या. 20 तारखेला बुधवार, दुसऱ्या दिवशी गुरुवार. दोन दिवसांची सुट्टी सलग! लोकसभेला राज्यात सुमारे 61 टक्के मतदान झाले होते, ते सहा महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले. या वाढीवर रणे माजली. संध्याकाळी पाचला 58.22 असलेला आकडा 66.05 पर्यंत कसा गेला, असा सवाल विरोधी पक्षांनी केला. पाचनंतरचे मतदान आणि सहाला रांगेत उभे असलेल्यांची मते नंतर मिळवली जातात, असे आयोगाने उत्तर दिले. त्या वादात मी शिरत नाही. वाढीची कारणे अनेक असतील. त्यांतले एक मात्र आमच्या माडीवर राहते.

आमच्या वरच्या खोलीत लातूरकडचा एक मुलगा भाड्याने राहतो. चाकणला कंत्राटदाराकडे कामाला. त्याचे नाव गावच्या यादीत. लोकसभेला लातूरचे मतदान 7 मे रोजी होते. त्या दिवशी चाकणचे कारखाने चालू. 13 मे रोजी इथे सुट्टी, तेव्हा त्याचे इथे मतच नाही! तो दिवसभर झोपला. नोव्हेंबरात मात्र साऱ्या राज्याचे मतदान एकाच दिवशी. मंगळवारी रात्री तो एस.टी.ने निघाला, बुधवारी सकाळी मत टाकले, गुरुवारी आईच्या हातची भाकरी खाऊन शुक्रवारी कामावर हजर.

पगारात बुधवारचा दिवस कापलेला निघाला. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 साली 135 ब हे कलम घातले आहे. मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी, रोजंदारीवाल्यालासुद्धा त्या दिवसाची मजुरी द्यावी, असे ते सांगते. मी ते कलम त्याला कागदावर उतरवून दिले. कंत्राटदाराने वाचले, घडी घातली आणि खिशात ठेवले. कायदा मोडणाऱ्या मालकाला दंड किती, ठाऊक आहे? फार तर 500 रुपये.

यंदा तो मला विचारीत होता, “काका, नाव इकडे आणू का?” पत्ता बदलण्याचा अर्ज क्रमांक 8 मी त्याला आणून दिला. इथला रस्ता, इथले पाणी, चाकणच्या चौकातली तासन्‌तासांची वाहनांची रांग, हे सारे तो रोज भोगतो. तेव्हा इथले मत त्याचेच. पण गावी आई आहे, दीड एकर रान आहे, आणि तिथल्या यादीतून नाव गेले म्हणजे गावाशी असलेला धागा तुटला, असे आईला वाटते. शिवाय नाव इकडे आणले आणि पाळीमुळे जायला जमले नाही, तर तो आमच्या शहराच्या ‘उदासीन’ मतदारांत जमा होणार. आज तो निदान लातूरच्या जागरूकांत तरी आहे.

हा हिशेब मला सोडवता येत नाही. अर्ज अजून त्याच्या उशाशी आहे. मी त्याला घाई करीत नाही.