डुक्कर फियाट आणि राजूरचा घाट

आमच्या जिल्ह्यात माणसाला गाव विचारण्याआधी एक प्रश्न येतो : घाटावरचे की घाटाखालचे? मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव खाली, पूर्णेच्या काळ्या मातीत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार वर. मोटारीची पारखही इथे याच प्रश्नाने व्हायची. घाटाखालच्या सपाटीवर काय, कुठलीही गाडी पळते. मोताळ्याकडून राजूरचा घाट चढून, रेडिएटरची वाफ न सोडता जी बुलढाण्यात शिरेल, तीच गाडी. बाकी सगळा पत्रा.

माझ्याकडे आहे ती डुक्कर फियाट. पुढे काढलेल्या नाकाडामुळे लोकांनीच ठेवलेलं हे नाव. कागदोपत्री ती फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात बाहेर पडलेली. इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे आजच्या एखाद्या लहान गाडीएवढं, पण ताकद तिच्या निम्मी. गिअरचा दांडा स्टीअरिंगला. पुढची दारं उलटी उघडणारी, बिजागऱ्या मागच्या बाजूला. लुगडं सावरत उतरणाऱ्या बाईमाणसाला फार सोयीची, आणि चालत्या गाडीत कुणी चुकून उघडली तर वाऱ्याने उखडून नेण्याच्या लायकीची.

ती मिळाली खामगावात, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात. ज्या गावच्या कापसासाठी १८७० साली जलंबहून खास फाटा टाकून आगगाडी आणली, तिथल्या मोटारीत दुसरं काय सापडणार? सीटखाली सरकी, डॅशबोर्डामागे रुई, आणि रुईत उंदरांचा पिढीजात संसार. वायरिंग त्यांनी चवीने खाल्लेलं. पण लोखंड शाबूत होतं. कोकणातली खारी हवा लोखंड खाते, वऱ्हाडातलं ऊन रबर खातं. दाराचे रबर, पाण्याचे पाइप, ब्रेकचे वॉशर हातात घेतले की त्यांचा भुगा व्हायचा.

आमच्या भागात जुन्या गाड्यांचे कारागीर म्हणून वेगळे कुणी नाहीत. ट्रॅक्टर, थ्रेशर, विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करणारे हातच फियाटला लागतात. मी ज्यांच्याकडे गाडी नेली त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी टोचा घेतला आणि आधी रंगाकडे न पाहता दाराखालचा उंबरठा टोचून पाहिला. "रंग बाहेरून दिसते, भाऊ. पानी आतून खाते." खरंच आहे ते. जीपला खाली वेगळी चासी असते, वरचा पत्रा सडला तरी ती चालते. या फियाटला वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. उंबरठा गेला की गाडी गेली.

मग सुरू झालं ते काम शौकापेक्षा शेतीच्या वेळापत्रकाने चाललं. पेरणीच्या दिवसांत चाचांना डोकं वर काढायला सवड नाही, सोयाबीनच्या काढणीत तर नाहीच. डेल्कोतला पॉइंट घासायचा, फटीत फिलर गेज घालून अंतर लावायचं, कार्बोरेटरची जेट फुंकून साफ करायची, टॅपेटचा आवाज ऐकायचा. ही कामं दिसायला फुटकळ, पण यातलं एक जरी हुकलं तरी गाडी घाटात दगा देते. शिवाय जुन्या इंजिनाचं दुखणं नव्या पेट्रोलमध्ये आहे. पूर्वीच्या पेट्रोलमधल्या शिशाने व्हॉल्व्हच्या बैठका सांभाळल्या. २००० सालापासून शिसं गेलं, हवेसाठी ते चांगलंच झालं, पण इंजिनात कठीण पोलादाच्या नव्या बैठका बसवाव्या लागतात. आता इथेनॉल आलं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मऊ करून सोडतं. मका पिकवणाऱ्यांच्या जिल्ह्यात इथेनॉलविरुद्ध बोलायची सोय नाही, म्हणून मी मुकाट्याने पंपातला पडदा बदलतो.

गाडी नवीकोरी करावी असं मला सगळ्यांनी सांगितलं. चकचकीत लाल रंग, क्रोम, पांढऱ्या कडांचे टायर. मी नाही केलं. मागच्या मडगार्डवर मूळचा फिकट हिरवा रंग हातभर शिल्लक आहे, तो तसाच ठेवला. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला झळकत येते ते शोभतं. तिचं कामच मिरवणुकीचं. जिनिंगच्या गोदामातून आलेल्या गाडीला नवरीसारखं नटवलं की तिने काढलेला उन्हाळा पुसला जातो. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनेही २०१२ साली तुरिनच्या सनदेत असंच काहीसं सांगितलंय : जपणूक आधी, नवं करणं शेवटी, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबरच ठेवावेत.

सरकारने २०२१ साली पन्नाशी ओलांडलेल्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरमालिका काढली. मान मोठा, पण अट अशी की गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, डागडुजी, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात वयाच्या अटीने गेल्या, तेव्हा लोक हळहळले ते त्या रोज दिसत होत्या म्हणून. प्रदर्शनातल्या गाडीसाठी कोण हळहळतं? मी अजून साधा नंबरच चालवतो, नूतनीकरणाच्या खेपा घालतो आणि पर्यावरण कर भरतो.

सध्या वाद पेटलाय तो गाडीतल्या पेट्रोल पंपावरून. वैशाखात राजूरच्या अर्ध्या घाटात पंप तापतो, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि इंजिन गप्प. यावर चाचांचा उपाय पिढ्यान्‌पिढ्यांचा : पंपावर ओलं फडकं, पाच मिनिटं बिडी, मग सेल्फ मारायचा. आयटीआय करून आलेल्या त्यांच्या नातवाला ते पटत नाही. त्याचं म्हणणं, मागे टाकीजवळ विजेवर चालणारा छोटा पंप बसवू, तिथे इंजिनाची धग नाही, वाफेचा प्रश्नच मिटतो. चाचांना हा बाटवाबाटवीचा प्रकार वाटतो. "मंग नवीच गाडी घ्या ना, काहून हिचे हाल करता?"

मडगार्डावरच्या हातभर रंगासाठी भांडणारा माणूस चाचांच्याच बाजूने उभा राहील, असं दोघांनीही धरलं होतं. पण मला घाट चढायचा आहे. जुना पंप तेल लावून, फडक्यात बांधून डिकीत ठेवायचा, या अटीवर मी नातवाला होकार दिला. पोराने त्याच संध्याकाळी वायर ओढली. चाचा अजून बोलत नाहीत. मात्र बोल्ट नीट आवळलेत का, ते मी नसताना येऊन बघून गेले म्हणे.