जाड नखी

गिटारची तार छेडायला जो लहानसा तिकोनी तुकडा चिमटीत धरतात, त्याला गिटारवाले पिक म्हणतात. मी मिरजेत वाढलो, त्यामुळे माझ्या तोंडात नखी हाच शब्द बसलेला. सतारीची नखी तारेची, ती बोटावर चढवायची. ही चिमटीत धरायची, एवढाच फरक. दुकानात मिळते ती साधी नखी अर्ध्या-एक मिलिमीटरची. सिनेमाची गाणी तिच्यावर छान वाजतात. जँगो राइनहार्टच्या वळणाचं जिप्सी जॅझ मात्र तिच्यावर पांगळं होतं.

जँगो १९१० साली बेल्जियममध्ये जन्मला, मानुश जिप्सींच्या काफिल्यात. मानुश म्हणजे त्यांच्या बोलीत माणूस. हा शब्द त्यांच्या पूर्वजांनी आपल्या इकडूनच नेला. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून त्याचा डावा हात होरपळला आणि दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. त्या दोन बोटांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला कुतूहल त्याच्या उजव्या हाताचं, कारण माझं दुखणं उजव्या हाताचं आहे.

पन्नाशी उलटल्यावर माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरला. सकाळी चहाचा कप उचलताना कळ यायची. डॉक्टर म्हणाले, "वाजवणं सोडा असं मी म्हणत नाही, पण चिमूट आवळू नका." आता चिमूट न आवळता नखी धरायची कशी? पातळ नखी जरा जोरात मारली की लवते, तारेवरून उशिरा सुटते, आणि तिला ताठ ठेवायला हात आपोआप आणखी घट्ट होतो. जाड नखीचं उलट आहे. ती लवत नाही, लवावं लागतं तारेला. म्हणून ती सैल धरली तरी आवाज भरीव निघतो.

जिप्सी वादकांना ही जाडी हौसेपोटी लागलेली नाही. जँगो पोरवयात पॅरिसच्या नाचघरांत अ‍ॅकॉर्डियनच्या साथीला बँजो वाजवायचा. त्या गोंगाटात विजेच्या मदतीशिवाय ऐकू जायचं होतं. पुढे १९३४ साली स्टेफान ग्रापेलीबरोबर त्याचा पंचक-ताफा उभा राहिला, त्यात एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक डबल बास होता. ढोल-ताशा नाहीच! तालाचं सगळं ओझं साथीच्या दोन गिटारींवर. नखी दोन ते पाच मिलिमीटरपर्यंत का जाते, ते इथं समजतं.

त्यांची मारण्याची पद्धतही वेगळी. मनगट थोडं वाकलेलं, तळवा अधांतरी. वरून खाली घाव घातला की नखी खालच्या तारेवर क्षणभर टेकते. तार बदलली की पुन्हा वरूनच घाव. हे टेकणं जमलं की हाताला दर घावामागे बारीकशी विश्रांती मिळते. माझ्या अंगठ्याला तेवढी पुरते.

आता निवड. जुने वादक कासवाच्या कवचाची नखी वापरत आणि तिचं कौतुक अजून ऐकू येतं. ते कवच हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचं. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७०च्या दशकात बंदी आली, आणि माझ्या मते ते बरंच झालं. एका सुरासाठी समुद्रातला जीव कशाला? हॉलंडच्या वेगनच्या प्लास्टिकच्या नख्या या मंडळींत प्रसिद्ध आहेत. साडेतीन मिलिमीटरची एक भाच्याने परदेशातून आणून दिली. कडा तासलेल्या, तारेवरून लोण्यासारखी निसटणारी. पाच मिलिमीटरचीही पाहिली, पण ती म्हणजे बोटांत कोटाचं बटण धरल्यासारखं. शिंगाच्या नखीचा सूर गोड, पण माझ्या कोरड्या बोटांतून ती घसरते.

मग सरोदच्या जव्याची आठवण झाली. जवा नारळाच्या करवंटीचाही करतात. सतारमेकर गल्लीतल्या एका कारागीर चाचांकडे वेगनची नखी घेऊन गेलो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "इत्ता जाडा कायकू?" म्हणाले. मी अंगठा दाखवला. काही न बोलता त्यांनी करवंटी कानशीवर धरली.

करवंटीला मुळातच बाक असतो, तो अंगठ्याखाली नेमका बसतो. मोठ्या तारांवर तिचा सूर उबदार येतो; बारीक तारांवर मात्र प्लास्टिकची टणक चमक नाही. आणि कड झिजते. महिन्या-दीड महिन्याने तारेवर खरखर ऐकू येऊ लागते, मग बारीक पॉलिश पेपरवर दोन्ही बाजूंनी घासावी लागते. दुकानात नखी निवडायची तर एकाच ताराने ठरवू नका. जाड तारेवर, बारीक तारेवर, साथीच्या ठोक्यात आणि एकट्या सुरावटीत, सगळीकडे वाजवून पाहा. दहा मिनिटांनी चिमूट आवळलेली आढळली, तर ती नखी कितीही नावाजलेली असो, परत ठेवा.

साथीसाठी थोडी पातळ, अडीच मिलिमीटरची आणखी एक चाचांना सांगितली आहे. करवंटी जुन्या, पूर्ण पिकलेल्या नारळाचीच आणा, असा त्यांचा निरोप आला आहे.