जावयाशी मांडलेला डाव

आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ कुठे बसले आहेत ते जोशीबुवा पत्रिका पाहून सांगतात. हा दहावा मात्र थेट आपल्या दिवाणखान्यात येऊन बसतो. त्याच्याशी बोलायचे काय, हा प्रश्न सासऱ्यांना पूर्वापार पडत आला आहे. पण जावई मराठी असला तर क्रिकेट असते, राजकारण असते, गेला बाजार पाऊसपाणी तरी असतेच. माझा जावई चिनी आहे.

लेक नोकरीनिमित्त क्वांगचौला गेली आणि तिथल्याच एका तरुणाशी तिने लग्न केले. मुलगा सालस, कष्टाळू. नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्याला इंग्रजी बेताचे आणि मला चिनीचा गंध नाही. तीन वर्षे आमचे सारे संभाषण 'हॅलो' आणि 'ओके' या दोन खांबांवर उभे होते. लेक परदेशी गेली याचे मला फारसे वाटत नव्हते. पण ज्या माणसाच्या हाती तिचे सुखदुःख, त्याला आपण मुळी ओळखतच नाही, हे शल्य रात्री-अपरात्री टोचत असे.

2018 सालच्या हिवाळ्यात तिच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता क्वांगचौला गेलो. बाळंतिणीने महिनाभर घराबाहेर पडू नये, गार वाऱ्यात जाऊ नये, अशी चिनी लोकांतही जुनी रीत आहे. हे समजताच सौ.ला तो देश एकदम आपलासा वाटू लागला आणि ती डिंका-अळिवात रमून गेली. उरलो आम्ही दोघे पुरुष. बाळंतिणीच्या घरात पुरुषाइतकी अडगळीची वस्तू दुसरी नसते.

रात्री जेवणे झाली की जावई संगणकापुढे बसे. चौथ्या की पाचव्या रात्री मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. त्याने वळून पाहिले, जरा विचार केला आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढले. मुखपृष्ठावर सोटा घेतलेला एक वानर! मग त्याने सौ.ने मांडलेल्या छोट्या देव्हाऱ्यातल्या मारुतीकडे बोट दाखवले आणि भुवया उंचावल्या. मीही उंचावल्या. आमचे पहिले खरे संभाषण ते हेच.

ते पुस्तक म्हणजे 'शी यौ ची', अर्थात 'पश्चिमेची यात्रा'. सोळाव्या शतकातली ही शंभर अध्यायांची कादंबरी वू छंग-अन याच्या नावावर सांगितली जाते; तिची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत 1592 सालची आहे. एक भिक्षू धर्मग्रंथ आणायला भारताकडे निघतो. सोबतीला दगडातून जन्मलेला वानरराजा, एक खादाड वराह आणि नदीतला एक राक्षस. वाटेत ८१ संकटे. हा वानर आपल्या हनुमंताचाच भाऊबंद की काय, यावर चिनी पंडितांतही वाद झाला: हू शी यांनी हनुमंताकडे बोट दाखवले, लू शुन यांना ते पटले नाही. आमच्या घरी मात्र सौ.ने पहिल्याच दिवशी निकाल दिला होता.

या कादंबरीच्या आधारे नेटइज या कंपनीने 2003 च्या सुमारास संगणकावरचा एक खेळ काढला. तो अजून जोरात चालू आहे. लाखो माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक थांग राज्यात वावरतात. कुणी मानव, कुणी दानव, कुणी देव. पाच जणांनी जथा करायचा, एकाने पुढे चालायचे आणि बाकीच्यांनी मागे, अगदी वारीतल्या दिंडीसारखे. जावई कॉलेजात असल्यापासून हा खेळ खेळतो. त्याच्याजवळ खेळातली दोन-तीन पात्रे होती. त्यांतले एक, मठातला वैद्यकी जाणणारा साधू, त्याने माझ्या हवाली केले.

तुम्ही म्हणाल, या वयात हे कसले खूळ? मलाही वाटले होते की इथे बोटांची चपळाई लागणार. पण या खेळाची गंमतच निराळी. लढाई सुरू झाली की सगळे थांबतात. पडद्यावर सेकंद उलटे मोजले जातात. तेवढ्या वेळात प्रत्येकाने आपली चाल सांगायची. सगळ्यांच्या सांगून झाल्या की मग ज्याच्या-त्याच्या चपळाईच्या क्रमाने त्या घडतात. म्हणजे जात सोंगट्यांच्या पटाची. आपला डाव आला की आपण खेळायचे, नाहीतर दुसऱ्याची वाट पाहायची. अक्षरे वाचता येत नव्हती, पण चित्रे ओळखू येऊ लागली.

आमचे काम भुते पकडण्याचे. पाताळातला चुंग-ख्वे नावाचा भूतमर्दन देव पत्ता सांगे. तिथे जाऊन भुताला लोळवायचे. अशी दहा भुते झाली की एक फेरी पुरी. जावई पुढे. बाकीचे तिघे त्याचे जुने मित्र, वेगवेगळ्या शहरांतले. मी सर्वांत मागे. माझ्याकडे तलवार नव्हती. कुणाची शक्ती ओसरली तर ती भरायची, कुणी पडला तर त्याला उठवायचे, एवढेच माझ्याकडे. आपल्या हुतुतूत मेलेला गडी जिवंत होतो ना, तसाच हा प्रकार.

एका रात्री गाठ वाईट पडली. पहिल्या दोन चालींतच जावयाचा गडी आडवा झाला. सेकंद सरत होते, माझा हात त्या चित्रावर पोचत नव्हता आणि इतक्यात शेजारून तो ओरडला, "बाबा!"

मी चाल दिली. त्याचा गडी उठला. आम्ही ती लढाई जिंकली. पण माझे लक्ष भुताकडे नव्हते. तीन वर्षांत त्याने मला कशीच हाक मारली नव्हती. चिनी भाषेतही वडिलांना 'बाबा'च म्हणतात, हे लेकीने मला नंतर सांगितले. आईला मात्र 'मामा' म्हणतात, हे ऐकून सौ. दोन दिवस हसत होती. ती हाक चिनी होती की लेकीकडून शिकलेली मराठी, हे मी विचारले नाही. दोन्हीकडे अर्थ एकच आहे.

पुढे लेकीला मध्ये बसवून मी त्याला सांगितले, की कादंबरीतला भिक्षू म्हणजे आमच्या शाळेच्या इतिहासातला ह्युएन त्संग. तो खरोखर भारतात आला, 641 च्या सुमारास पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आला. इथली माणसे मानी आहेत, उपकार स्मरतात आणि अपमान विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. 645 साली तो 657 ग्रंथ घेऊन छांग-आनला परतला. जावई चकित झाला. कादंबरीतला भिक्षू भोळा, भित्रा, घडोघडी रडणारा. वानर नसता तर पहिल्याच डोंगरात संपला असता. माझ्याजवळचा ह्युएन त्संग पोलादाचा. एकाच माणसाचे दोन अर्धे आम्ही दोघे लहानपणापासून जवळ बाळगून होतो. थोडा वेळ थांबून त्याने लेकीला काहीतरी सांगितले. ती म्हणाली, "तो म्हणतोय, बाबांच्या गावाकडे मला एकदा जायचंय."

दोन महिन्यांनी आम्ही पुण्याला परतलो. आता मी तो खेळ खेळत नाही. नातू मोठा होतो आहे आणि व्हिडिओवर मला दोन भाषांत मिळून एकच हाक मारतो. माझ्या साधूचे काय झाले, असे मी परवा लेकीला विचारले. तो अजून जथ्यात आहे म्हणे. जावईच आपल्या गड्याबरोबर त्यालाही चालवतो. फक्त साधूचा डाव आला की तो लगेच चाल देत नाही, थोडे सेकंद जाऊ देतो. मित्र कुरकुरतात. तो त्यांना सांगतो, "थांबा जरा, बाबांना वेळ लागतो."