लोहारा टू टिपेश्वर: पॅडल मारा, पण वाघाला वाट द्या!

वीकएंडला तोच मॉल, तोच मल्टिप्लेक्स? बोअर! यवतमाळला खेटून असलेल्या लोहाऱ्यात या. पहाटे तर्री-पोहे हाणून मी तंबू कॅरिअरला बांधला आणि सायकल यवतमाळमार्गे पांढरकवड्याकडे दामटली. अंतर साधारण पंचाहत्तर किलोमीटर. कपाशीची शेतं, मध्येच सागाचं रान आणि मांड्यांची परीक्षा घेणारे चढ.

पांढरकवड्याच्या पुढे टिपेश्वर अभयारण्य, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. लाँग डिस्टन्सचा खरा चॅम्पियन इथलाच! टी१-सी१ नावाचा तरुण वाघ २०१९ मध्ये इथून निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेतं, रस्ते ओलांडत तेराशेहून जास्त किलोमीटर चालून बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे हा प्रवास कळला.

थोडक्यात, वाघ हद्द पाळत नाही. आपल्याला तंबूसाठी मस्त वाटणारा नाल्याकाठचा कोपरा ही त्याची वाटही असू शकते. म्हणून अंधाराआधी मी गाव गाठलं आणि विचारून एका अंगणातच तंबू ठोकला. झोप झक्कास लागली!

टिप: हिवाळ्यात जा. अभयारण्यात मात्र सायकल नाही, सफारीची जिप्सीच.