तांडेलकाकांचं जाळं

मी सोलापूरकडचा. वारा म्हणजे उन्हाळ्यात दुपारी धूळ घेऊन येणारी कटकट, एवढीच माझी समज. शिक्षक म्हणून कोकण किनाऱ्यावरच्या हर्णैला आलो आणि एका तांडेलांच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, माडीवर भाड्याने राहिलो. मोबाइलवर वाऱ्याचं ॲप घेतलं होतं. ते बघून मी गावातल्या पोरांना अंदाज सांगू लागलो, कुणी विचारलं नाही तरी.

2018 च्या डिसेंबरात तांडेलकाका एका लग्नाला बाहेरगावी गेले होते. पहाटे त्यांच्या पुतण्याने विचारलं, "सर, आज वारा कसा?" ॲपवर 11 चा आकडा होता, बाण पश्चिमेकडे. मी म्हणालो, "अकराच आहे, पश्चिमेचा. परत येताना पाठीशीच असेल." समोरचं पाणीही परातीसारखं सपाट होतं. दोघं पोरं लहान होडी घेऊन गेली.

एका वाक्यात मी तीन चुका केल्या होत्या. ते 11 किलोमीटर नव्हते, नॉट होते. म्हणजे ताशी 20 किलोमीटर. शिवाय ती काही मिनिटांची सरासरी. झोताचा आकडा खाली फिक्या अक्षरात होता, 22 नॉट, म्हणजे जवळपास 41 किलोमीटर. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. आणि बाण वारा कुठे चालला ते दाखवत होता. वाऱ्याला नाव मिळतं ते जिकडून येतो त्या दिशेचं. तो पूर्वेचा, जमिनीवरून दर्यात जाणारा मतलई होता. काठाजवळ त्याला लाट उठवायला अंतर मिळत नाही, म्हणून पाणी सपाट दिसतं. खरा रेटा बाहेर गेल्यावर कळतो.

बाहेर त्यांचं इंजिन बंद पडलं आणि होडी खोल दर्यात वाहत चालली. दुपारी एका मोठ्या बोटीने त्यांना ओढून आणलं. जाळं कापून टाकावं लागलं होतं.

काका दुसऱ्या दिवशी आले. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, घरी पाहुणा आला की कुठून आलात असंच विचारतो ना? वाऱ्यालाही तेच विचारायचं." एवढंच. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

त्यानंतर ते मला पहाटे धक्क्यावर नेत. चुलीचा धूर कुठे लवतो, माडाच्या झावळ्या कधी नुसत्या हलतात आणि कधी एका अंगाला ओढल्या जातात, ते दाखवत. एकदा माझा दंड धरून म्हणाले, "ते बघा." सपाट पाण्यावरून एक काळसर पट्टा सुरसुरत आमच्याकडे येत होता. मी मनात सात मोजले असतील, तोच डोक्यावरची टोपी उडाली. झोत येताना दिसतो, हे तेव्हा कळलं.

ॲपला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. उलट रोज वाचायला लावत. सरासरी, झोत, दिशा, आणि सगळ्यात आधी एकक. मग धक्क्यावर येऊन ताडून बघायचं. जागतिक मॉडेलचा एकेक चौकोन अनेक किलोमीटरचा असतो. आमचा डोंगर आणि खाडी त्यात हरवून जाते, हे मी पुढे वाचलं. काकांना ते न वाचताच ठाऊक होतं.

2020 च्या जूनमध्ये 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. हवामान खात्याचा इशारा काकांनी मला मोठ्याने वाचायला सांगितला : ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120. वाचताना या वेळी मी झोताचा आकडा गाळला नाही. ऐकणाऱ्यांत तो पुतण्याही होता. होड्या आधीच वर ओढल्या होत्या. पोरांनी त्या दुहेरी दोरांनी बांधल्या. 3 जूनला आमच्या माडीचे पत्रे गेले, पण होड्या राहिल्या.

त्या जाळ्याचे पैसे मी तीनदा देऊ केले. काकांनी एकदाही घेतले नाहीत.