गुरसरायहून मडगावला, फुटबॉलसाठी

झाशी जिल्ह्यातले गुरसराय ही एकेकाळची खेर घराण्याची जहागीर. इथून गोव्याला फुटबॉलचा विश्वचषक पाहायला जायचे म्हटले, तर ऐकणारा हसेल. पण बसने झाशी गाठली की पुढचे सोपे. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्स्प्रेस गाडी न बदलता पनवेल आणि मडगाव, दोन्हीकडे पोहोचवते.

२०२२ साली १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने २६ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये झाले, तर अंतिम सामना ३० तारखेला नवी मुंबईत. परतताना पनवेलला उतरले की तोही पदरात! अडचण एकच. लक्ष्मीपूजन होते २४ तारखेला. दिवाळीच्या गर्दीत आयत्या वेळी आरक्षण कुठले मिळायला?

आधीच आरक्षण करावे, तर धास्ती वेगळी. मुळात २०२० ची ही स्पर्धा कोरोनामुळे रद्द होऊन २०२२ वर गेली. त्या ऑगस्टमध्ये ‘फिफा’ने भारतीय महासंघाला निलंबित केले, तेव्हा ती पुन्हा हातची जाते की काय असे झाले; सुदैवाने महिना संपण्याआधी बंदी उठली. २०१७ मध्ये तर पावसाने मैदान खराब झाले म्हणून मुलांचा एक उपांत्य सामना गुवाहाटीहून ऐनवेळी कोलकात्याला हलवला गेला.

म्हणून रेल्वेचे आरक्षण मुदत उघडताच करावे. नोव्हेंबर २०२४ पासून ती ६० दिवसांची आहे. मुक्काम मात्र रद्द करता येईल असाच ठरवावा. आणि सामना हुकलाच, तरी कोलव्याचा समुद्र कुठे जात नाही. बुंदेलखंडातल्या मुलांना तेवढा दिसला, तरी सहल वसूल!